एका झाडाला दहा रोपे : हा हिशेब का जुळत नाही

इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या आणि रहिवासी संघांच्या व्हॉट्सॅप गटांवर, जुने बंगले पाडून मल्टी, म्हणजे बहुमजली इमारती, उभारण्याच्या बाजूने एक मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्लॉटवरील एक झाड तोडून दहा रोपे लावली तर पर्यावरणाचा फायदाच होतो, मोठे झाड हवेच असेल तर ते यंत्राने उचलून दुसरीकडे लावता येते, ते जागेवर ठेवायचे असेल तर त्याच्याभोवती ओटा बांधला की पुरे, काळ्या मातीत मुळे पाया फोडतात, म्हणून घराजवळचे झाड काढणेच शहाणपणाचे, आणि आपल्या मालकीच्या जागेवरील झाडाबद्दल कोणाला विचारण्याचे कारण नाही. मजकुराची भाषा सभ्य आहे आणि तो पुढे पाठवणारे बहुतेक लोक झाडांचे वैरी नाहीत. म्हणूनच त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

दहा रोपांच्या हिशेबापासून सुरुवात करू. ज्या पूर्ण वाढलेल्या कडुनिंबाचा घेर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 16 मीटर पसरला आहे, तो सुमारे 200 चौरस मीटर जमिनीवर सावली धरतो. अर्धा मीटर रुंदीचे एक रोप जेमतेम 0.2 चौरस मीटर जमीन झाकते. म्हणजे दहा रोपे मिळून 2 चौरस मीटर, तीही दहाच्या दहा जगली तर. माळव्यात रोप जगवणे सोपे नाही. पुष्कळ ठिकाणी मातीचा थर पातळ असतो, खाली मुरूम आणि बेसाल्टचा खडक असतो, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे कोणी पाणी घातले नाही तर जुलैत लावलेले रोप पुढच्या मे महिन्यात उरत नाही. 14 जुलै 2024 रोजी रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात 11 लाखांहून अधिक रोपे लावून आपल्या शहराने जागतिक विक्रम केला. त्या दिवशी राबलेल्या हजारो हातांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्या टेकडीवरील रोपे उद्या वाढली तरी त्यांची सावली राजेंद्रनगरच्या गल्लीत पडणार नाही, आणि गल्लीतील झाड तोडण्याचे समर्थन म्हणून तो विक्रम पुढे करणे हा त्या श्रमांचाही अपमान आहे. मार्च 2025 मध्ये मथुरा-वृंदावन परिसरात विनापरवाना तोडलेल्या 454 झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तेवढे हिरवे आच्छादन पुन्हा निर्माण व्हायला किमान 100 वर्षे लागतील असे नमूद केले आणि प्रत्येक झाडामागे 1 लाख रुपयांचा दंड कायम केला.

शिवाय तोडलेले झाड आणि बदल्यात लावलेले झाड एकाच जातीचे असते असेही नाही. तोडला जातो तो वड, उंबर, कडुनिंब, जांभूळ, करंज किंवा शिरीष. लावले जातात ते खोटे अशोक, गुलमोहर, सप्तपर्णी, अलीकडे कोनोकार्पस, ज्याच्या लागवडीवर शेजारच्या गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली. गुलमोहर मादागास्करचा आहे. तो सुंदर दिसतो, पण उंबराचे काम तो करू शकत नाही. वड, पिंपळ आणि उंबर यांची वेगवेगळी झाडे वर्षातील वेगवेगळ्या वेळी फळतात, त्यामुळे इतर फळे नसतात त्या दिवसांतही हरियल, तांबट आणि वटवाघळांना खाणे मिळते. राखी धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते. ढोली तयार व्हायला अनेक दशके जावी लागतात. दहा रोपांच्या बुंध्यांत, किंवा हजार रोपांच्याही, ती आज मिळणार नाही.

जे एका झाडाला लागू आहे ते आपोआप वाढलेल्या रानाला अधिकच लागू आहे. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1991 मध्ये बंद पडली आणि तिच्या सुमारे 42 एकर जागेवर तीन दशकांत झाडे, झुडपे, वेली आणि पालापाचोळ्याची माती असे सगळे कोणीही न लावता उभे राहिले. अशा जागेला नुसती झाडी किंवा पडीक जमीन म्हणणे हा शब्दांचा नव्हे, दृष्टीचा दोष आहे, कारण रांगेत लावलेल्या रोपांना ही माती आणि हे थर मिळतच नाहीत.

झाड उचलून दुसरीकडे लावण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उचलताना बुंध्याभोवतीचा मातीचा गोळा तेवढा बरोबर जातो आणि दूरवर पसरलेली बहुतांश बारीक मुळे मागेच तुटून राहतात. वड-पिंपळासारखी झाडे हा आघात पुष्कळदा सोसतात, पण सोटमूळ खोल नेणारा मोह किंवा कडुनिंब मोठ्या वयात क्वचितच सोसतो. दिल्ली सरकारने 2022 मध्ये उच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या सोळा हजारांहून अधिक झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली होती. राजधानीच्या साधनसामग्रीनिशी ही स्थिती असेल, तर एखाद्या ठेकेदाराने क्रेन आणि ट्रॉली आणून हलवलेल्या झाडाकडून काय अपेक्षा ठेवावी?

सर्वांत घातक विधान मात्र ओट्याचे आहे, कारण ते चांगल्या हेतूच्या माणसाला फसवते. झाड न तोडता, त्याच्याभोवती सुबक दगडी ओटा बांधून, उरलेल्या जागेत काँक्रीट टाकणाऱ्याला आपण झाड वाचवले असेच वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात असतात, पाणी शोषणारी बारीक मुळे तर वरच्या वीतभर-हातभर मातीत, आणि त्यांचा विस्तार फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातो. बांधकामाच्या पहिल्या आठवड्यात या थरावर एकामागून एक आघात होतात. जेसीबी आणि गिट्टीचे ट्रक दोन-चार वेळा जाताच माती दाबली जाऊन तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात, आणि काळी माती ओली असताना हे नुकसान सर्वाधिक होते. पाठोपाठ ड्रेनेजचा चर मुळे आरपार कापत जातो. रस्त्याची पातळी गाठण्यासाठी दोन-तीन फूट मुरमाचा भराव पडतो आणि खालची मुळे गुदमरतात. मिक्सर धुतलेले सिमेंटचे तीव्र क्षारयुक्त पाणी सावलीतच ओतले जाते, कारण मजूरही सावलीतच काम करतात. ओट्यात बुंध्यालगत माती भरली तर कडुनिंबासारख्या झाडाची साल सडू लागते; वडाने पार सोसला म्हणून सगळी झाडे सोसतील असे नाही.

यातील कशानेही झाड त्या दिवशी मरत नाही. त्याचा शेंडा दोन वर्षांनी वाळतो, चौथ्या-पाचव्या वर्षी ते पूर्ण सुकते, आणि तोपर्यंत बिल्डर निघून गेलेला असतो आणि रहिवासी कीड लागली असे म्हणत असतात.

बांधकामाजवळील झाडांसाठीचे ब्रिटनचे 2012चे मानक, बीएस 5837, असे सांगते की बुंध्याच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ सुरक्षित ठेवावे. टेपने मोजायचे तर बुंध्याच्या घेराच्या जवळजवळ चौपट. 1.9 मीटर घेराच्या कडुनिंबासाठी हे अंतर सात मीटरांहून थोडे अधिक येते. दिल्लीतील झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढावे असा राष्ट्रीय हरित लवादाचा 2013चा आदेश अनेकजण उद्धृत करतात. पण ती आधीच जखडलेल्या झाडांना श्वास देण्याची किमान सोय होती, नव्या बांधकामाला एक मीटरपर्यंत येण्याची मुभा नव्हे. सात मीटर सोडणे प्रत्येक प्लॉटवर शक्य नाही हे मी मान्य करतो. तिथे सलग पायाऐवजी मुळांच्या मधून उतरणारे खांब आणि जमिनीच्या वर राहणारी तुळई वापरता येते, चर हाताने खणता येतो किंवा पाइप मुळांच्या खालून आडवे छिद्र पाडून नेता येतो, आणि बेसमेंटची कड झाडाच्या विरुद्ध बाजूला सरकवता येते. हे सगळे नकाशा कागदावर असताना स्वस्त असते आणि खड्डा खणल्यावर अशक्य होते.

पायाच्या भीतीत सत्याचा अंश आहे. मुळे धड काँक्रीट फोडत नाहीत. आधीच असलेल्या भेगेत किंवा गळक्या पाइपच्या सांध्यात ती शिरतात. पण काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, आणि झाड तिच्यातील पाणी ओढते, त्यामुळे उथळ पायाचे घर जवळच्या मोठ्या झाडामुळे तडकू शकते. मात्र मजकुरात याची दुसरी बाजू नाही. वर्षानुवर्षे झाडाने कोरडी ठेवलेली माती झाड तोडल्यावर पुन्हा पाणी धरते आणि काही वर्षे फुगत राहते. ताज्या तोडीच्या जागेवर उथळ पाया घालणे म्हणजे तडे स्वतः मागवून घेणे होय. काळ्या मातीत ओलाव्याचा चढउतार साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवतो, म्हणून पाया त्याखाली किंवा घट्ट मुरमापर्यंत नेणे हाच उपाय आहे. अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केले आणि त्यांना भारतीय मानकही आहे. झाड असो वा नसो, काळ्या मातीत पाया खोल न्यावाच लागतो.

परवानगीचे विधान तर सरळ चुकीचे आहे. मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या परिरक्षणाचा 2001चा अधिनियम खासगी जागेलाही लागू आहे आणि झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. अडचण अशी की नकाशा पक्का होऊन गेल्यावर अर्ज केला तर झाड तोवर एखाद्या कॉलमच्या जागी किंवा रॅम्पच्या मध्यावर सापडलेले असते आणि तोडण्यावाचून मार्ग नाही असे खरोखरच दिसू लागते. म्हणून पुनर्बांधणीचा करार करणाऱ्या रहिवाशांनी आर्किटेक्टच्या पहिल्या रेखाटनाआधी प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरील घेर, फांद्यांचा विस्तार आणि बुंध्याजवळच्या जमिनीची पातळी नोंदवलेला तक्ता तयार करून करारनाम्याला जोडावा. पहिला जेसीबी येण्याआधी पत्र्याचे कुंपण किती अंतरावर उभे राहील ते त्यात लिहावे. आणि झाडे उशिरा मरतात हे लक्षात घेऊन, बिल्डरच्या अनामत रकमेचा काही भाग इमारत पूर्ण झाल्यानंतरचे तीन पावसाळे जाईपर्यंत परत देऊ नये.