माझं लिव्हर आणि गाव

काल संध्याकाळपासून मला तिघांनी दारू सोडायला सांगितलंय. मी दारू पीत नाही. आमचा जिल्हा वर्धा, इथं दारूबंदी आहे (बंदी म्हणजे किती बंदी ते आर्वीकडच्या कोणालाही विचारा, पण तो विषय वेगळा). आता न पिता सोडायची कशी?

तर माझ्याकडे एक हार्प आहे, म्हणजे बोटांनी छेडायचं तारांचं वाद्य. काहून घेतली, किती पैसे गेले, हे घरी एकदा सांगून झालंय, परत सांगत नाही. छोटीच आहे, शिसमाची, नायलॉनच्या २२ तारा, त्यात सी सुराच्या लाल अन एफ सुराच्या काळ्या, म्हणजे बोट कुठं आहे ते कळतं. लिव्हर मात्र एकही नाही. लिव्हर म्हणजे तारेच्या वरच्या टोकाशी बसवायची खिट्टी, उचलली की तार तिथं दाबली जाते आणि सूर अर्धा चढतो. ती नसली की पट्टी बदलायला दरवेळी चावी घेऊन खुंट्या पिळत बसा.

लिव्हर मागवायला गेलं तर विकणारे आधी विचारतात तारेची जाडी, ती पण इंचाच्या हजाराव्या भागात. साइज चुकली की तार नीट धरल्या जात नाही आणि सूर गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखा भणभणतो. खाली लिहिलेलं, शंका असल्यास जवळच्या हार्प टेक्निशियनला भेटा. जवळच्या! आमच्या इथं जवळचा फक्त पंक्चरवाला.

पंचक्रोशीत मायक्रोमीटर एकाकडेच, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे, त्याला तांब्याची तार मोजल्याशिवाय मोटर भरता येत नाही. म्हणून हार्प गोधडीत गुंडाळली, चुलतभावाच्या मांडीवर दिली अन गाडी काढली. दुकानात एक काका जळालेली तीनची मोटर घेऊन बसलेले. गोधडी सोडली तसे पुढं सरकले.

"बाज विणाले आणली का बाप्पा?"

"नाही काका, वाद्य आहे."

"वाजते?"

"वाजते ना."

"मंग इथं कायले आणलं? जळलं का?"

रिवाइंडिंगवाल्यानं मधली एक तार मोजली, म्हणाला, एकवीस नंबर. मला पाहिजे होतं ०.०३२ इंच. तर तो म्हणे तेच ते, आणि खरंच तेच असतं. पण यांच्या गेजात नंबर वाढला की तार बारीक, अन माझ्या फॉर्ममध्ये आकडा वाढला की जाड, त्यामुळं पहिल्या नऊ तारा मी उलट्याच लिहिल्या अन काकांनी चहा मागवला.

"खिट्ट्या किती लागतेत?"

"सगळ्यांना लावल्या तर २२. आठ पट्ट्या मिळतात. पैसे नसले तर एफ, सी अन बीच्याच, म्हणजे १०, मग पट्ट्या चारच. पांढरी चार, एक, पाच, दोन."

आता काका आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"काळी एक येते?"

"नाही. दहांत नाही."

"अन बावीसमधी?"

"सगळी हार्प काळी दोनला लावायची, मग लिव्हरनं आठ निघतात... त्यात पण काळी एक नाही."

काका बराच वेळ मोटरकडे पाहत राहिले. "आमचे बुवा काळी एकमधी गातेत. त्यायच्या मागं अख्खं गाव काळी एकमधी गाते. म्हणजे बावीस खिट्ट्या लावून बी गाव तेवढं येत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही, आणि राग त्याचाच आलाय. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा हा मुलूख, खंजिरीला खिट्टी लागत नाही, मान्य. पण याच पैशात मी बुलेटचा सायलेन्सर बदलला असता तर कोणी पट्टी विचारली नसती. अन काकांवर तरी किती चिडणार, लाइन येते रात्री दोनला, व्होल्टेज नाही, मोटर जळते, हरभरा वाळून राहिला, आणि शेजारी एक माणूस गोधडीतून बावीस तारा काढून मोजतोय.

मी निघालो तेव्हा ते फोनवर होते, दुकानाच्या आवाजात ओरडून. "अरे तो आपला पोट्टा, त्याच्या लिव्हरचं पाहून राह्यला! बेज्या खर्च सांगतला म्हणे! बदलाच लागते!"

घरी पोचायच्या आत गावाला कळलं होतं. वहिनीनं तिखट कमी केलं. शेजारच्या मावशी भुईआवळ्याचा काढा घेऊन आल्या, पितळी गिलासात, हिरवागार. मी हार्प समोर ठेवली, सगळं पहिल्यापासून समजावलं, लिव्हर म्हणजे हे नाही, ते. मावशींनी एक तार ओढून पाहिली.

"मंग कुठं हाय लिव्हर?"

"अजून नाही लावलं."

"नाही ना? मंग पी."