पाडवा, चारशे पाहुणे आणि बॅलार्ड पिअरची भरती: एका गिरगावकर वाचकाला उत्तर

नमस्कार.

लांब पल्ल्याच्या क्रूझवरून मुंबईत उतरणाऱ्या चारशे पाहुण्यांसाठी पाडव्याच्या संध्याकाळचा आराखडा इथे दिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पाडवा सकाळचा सण, तो संध्याकाळी कसला साजरा करता? पाहुण्यांना सरळ गिरगावच्या शोभायात्रेत का नेत नाही? ढोल-ताशा फक्त बारा मिनिटं म्हणजे पथकाचा अपमान. जहाज ते फोर्ट हे अंतर चालत वीस मिनिटांचं आणि तुम्ही त्याला दीड तास लावता. त्यापेक्षा लाँचने गेटवेला न्या. आणि जेवण म्हणजे वाटीभर श्रीखंड, तीन पुऱ्या, "इस्पितळातलं पथ्य".

पहिल्या मुद्द्यावर तुमचं निम्मं बरोबर आहे. साडेसातला पाहुणे येतील तेव्हा प्रवेशद्वाराशी गुढी उभी असावी, असं लेखात होतं. ती चूक. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवतात. मार्चच्या उत्तरार्धात मुंबईत सूर्य पावणेसातच्या पुढेमागे मावळतो आणि बहुतेक बस त्यानंतरच फोर्टातल्या कार्यक्रमाच्या आवारात पोचतात. म्हणजे पाहुण्यांना दिसणारी गुढी एक तर नियम मोडून उभी ठेवलेली, नाहीतर शोभेची. दोन्ही नकोत. त्याऐवजी सूर्यास्ताला उतरवलेली गुढी आहे तशी लांब टेबलावर मांडावी: वेळूची काठी, जरीकाठी वस्त्र, तांब्या, कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, फुलांचा हार, साखरेच्या गाठी. जवळ एक माहितगार माणूस उभा करावा. बांबूच्या टोकाला पालथा घातलेला तांब्या वीस फुटांवरून बघण्यापेक्षा हातात घेऊन बघता येतो, प्रश्न विचारता येतात. गाठींचं एक तेवढं सांभाळा. मुंबईच्या दमट हवेत उघड्या ठेवल्या की दोन तासांत ओलावतात आणि जरीला चिकटतात. मांडायच्या गाठी अगदी शेवटी ठेवाव्यात, वाटायच्या पाकीटबंद घ्याव्यात.

पण म्हणून शोभायात्रेला चारशे माणसं न्यायची, हे पटत नाही. जहाज सकाळी सात-आठला धक्क्याला लागलं तरी परदेशातून आलेल्या प्रत्येक प्रवाशाला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. शेवटचा माणूस मोकळा होईपर्यंत शोभायात्रा अर्धी सरलेली असते. गिरगावातले रस्ते बंद, बस जवळ जात नाही, बसायला जागा नाही, स्वच्छतागृह शोधावं लागतं. तीन-चार महिन्यांच्या सफरीवर निघणारे बहुतेक लोक निवृत्त असतात. गुडघे बदललेले, काठी घेतलेले त्यांच्यात पुष्कळ. ज्यांना चालता येतं आणि गर्दीची हौस आहे अशा वीस-पंचवीस जणांची तुकडी मात्र जरूर न्यावी. त्यांना बस नकोच. सीएसएमटीहून भुयारी मेट्रोने काळबादेवीनंतरचं स्टेशन गिरगाव. दर आठ जणांमागे एक वाटाड्या, आणि भेटायची जागा आधी ठरवून छापील चिठ्ठीवर मराठीत लिहून प्रत्येकाच्या खिशात. चुकलेला पाहुणा ती चिठ्ठी कुणालाही दाखवू शकतो.

आता दीड तासाचा हिशेब. तुमचा खरा राग इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

इंदिरा डॉकला लॉक गेट आहे, त्यामुळे आतलं पाणी धरून ठेवता येतं. क्रूझ जहाजं लागतात तो बॅलार्ड पिअरचा धक्का मात्र बाहेर, उघड्या बंदराच्या अंगाला. तिथे जहाज भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं. पाडवा म्हणजे अमावास्येचा दुसरा दिवस, म्हणजे उधाण, नेहमीपेक्षा मोठी भरती-ओहोटी. त्यातही मार्चमधलं, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी. कोकणातला जुना हिशेब तुम्हालाही माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे दुपारी आणि रात्री पाऊणच्या आसपास पूर्ण भरती आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पाहुणे उतरतात तेव्हा जहाज सर्वांत खाली असतं आणि ते परत येतात तेव्हा वर चढत असतं. फरक चार मीटरच्या घरात जाऊ शकतो. एका मजल्याहून जास्त!

हे पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती या सहा तासांत चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पावणेनऊ ते पावणेअकरा या दोन तासांत निम्मा चढ, दोनेक मीटर. आणि हीच नेमकी पाहुणे परतायची वेळ. ओहोटीला गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा फिरता पूल, वरच्या डेकच्या दारातून लावलेला असतो. पाणी चढलं की तोच गँगवे इतका उभा होतो की काठीवाला माणूस चढू शकत नाही, व्हीलचेअर तर नाहीच. मग जहाजाचे खलाशी तो काढून खालच्या डेकच्या दाराला लावतात. या कामाला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो आणि तेवढा वेळ कुणी वर जात नाही, कुणी खाली येत नाही. ही अदलाबदल दहा वाजता झाली तर तीन बसमधले शंभर-सव्वाशे लोक धक्क्यावर ताटकळतात. उरलेली संध्याकाळ कितीही छान झालेली असो, जहाजावर चर्चा त्या अर्ध्या तासाचीच होते. म्हणून आराखड्यात पहिली सूचना ती होती: जहाजाच्या अधिकाऱ्यांशी आदल्या दिवशी बोलून गँगवे साडेआठला, पाहुणे जेवत असताना, हलवून घ्यायचा.

राहिला उतरण्याचा वेळ. एका गँगवेवरून वयस्कर माणसं मिनिटाला पाच-सहाच उतरतात. चारशेंना सत्तर-ऐंशी मिनिटं लागणारच. पंचेचाळीस आसनी बसमध्ये सदतीस बसवायचे, कारण वॉकर आणि घडीच्या व्हीलचेअरना पुढच्या जागा लागतात. म्हणून अकरा बस. बंदराच्या गेटवर सीआयएसएफचे जवान बसमध्ये चढून कागद तपासतात, दर बसला तीन-चार मिनिटं. हा वेळ घाईने कमी होत नाही, दुसरा गँगवे मिळाला तरच होतो. तोपर्यंत पहिल्या बसवाल्यांना आवारात बसायला खुर्ची, पाणी आणि पन्हं मिळालं पाहिजे. आमच्या आराखड्यात साडेसहा ते साडेसात हेच आहे. चालत नेण्याचं म्हणाल तर बंदराच्या हद्दीत पायी फिरू देत नाहीत.

गेटवेचं थोडक्यात. परदेशी पाहुण्यांना इमिग्रेशनची चौकी सोडून भलत्याच धक्क्यावर उतरवता येत नाही. चौकी उरकून मग लाँचमध्ये बसवलं तरी पावणेसातला पूर्ण ओहोटी, आणि गेटवेच्या खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. विषय संपला.

ढोल-ताशाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यात पथकांविषयी माया आहे, ती समजते. पण बारा मिनिटं पथकाच्या भल्यासाठीही आहेत. अकरा बस येईपर्यंत वाजवत राहायचं म्हटलं तर तासभर होतो. पहिल्या वीस मिनिटांत ताशेवाल्यांचे हात भरून येतात, ठेका सैल पडतो आणि शेवटच्या बसला नुसता गोंगाट ऐकू येतो. आमचं म्हणणं असं: सगळे येऊन बसले की साडेसातला पथकाने आत यायचं. पंधरा ढोल, पाच ताशे, दोन झांजा, पुढे ध्वज. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेपासून किमान पंधरा मीटर अंतर. जवळून हा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो आणि श्रवणयंत्र लावणाऱ्याला तो सहन होत नाही. बसमध्येच सांगून ठेवावं आणि कानातले बोळे टोपलीत ठेवावेत. सुरुवात एकट्या ताशाने, मग ढोल एकेका ओळीने मिळवत जावेत. परक्या कानाला टिपरूचा (काठीचा) आणि थापीचा (हाताचा) आवाज वेगवेगळा कळतो तो असा. सगळे एकदम सुटले तर काहीच कळत नाही. बारा मिनिटांनी थांबायचं, आणि मग सनई-चौघडा, माइकशिवाय.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकच नव्हे, कुठलंही वाद्य वाजवायला बंदी आहे, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण फोर्टात त्याआधी आणखी एक अडचण असते. रुग्णालय, न्यायालय, शाळा-कॉलेज यांच्याभोवती, सरकारने जाहीर केला असेल तिथे, शंभर मीटरचा शांतता क्षेत्राचा घेर, आणि या भागात एकीकडे हायकोर्ट, दुसरीकडे सेंट जॉर्जेस रुग्णालय, मधे कॉलेजं. आवार कितीही देखणं असो, आधी नकाशावर हे घेर काढा आणि मगच अनामत भरा. उलट क्रमाने करणारे पुष्कळ आहेत.

आता पथ्याचं जेवण. श्रीखंड माणशी साठ ग्रॅम, म्हणजे चोवीस किलो: तेरा किलो चक्का, अकरा किलो साखर. तुम्हाला साठ ग्रॅम कमी वाटतं, पण पहिल्यांदा खाणाऱ्याला ते गोड आणि जड लागतं. अर्धा किलोचं भांडं टेबलावर ठेवलं तर निम्मं उष्टं परत येतं. खरा प्रश्न तापमानाचा. संध्याकाळी आठलाही हवा अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर असते. श्रीखंड पाच अंशांच्या खाली ठेवून पन्नास-पन्नास वाट्यांनी, बर्फाच्या ताटातून बाहेर काढायचं. जहाजावर एकाचं पोट बिघडलं तर आणि साथ पसरली तर, बोट आधी किनाऱ्यावरच्या जेवणाकडेच दाखवलं जातं. पिस्ते आणि चारोळी वेगळ्या वाटीत. चारोळी म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसतं आणि सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेला माणूस अनोळखी दाणा दिसला की वाटी बाजूला सारतो.

पुऱ्या माणशी तीन, म्हणजे बाराशे. किलोभर कणकेच्या पंचावन्न ते साठ होतात, म्हणून एकवीस किलो कणीक, त्यात किलोला मूठभर बारीक रवा. मोठ्या कढईत मिनिटाला दहा-बारा सुटतात. एकच कढई ठेवली तर शेवटच्या पानावर पुरी पोचायला दोन तास लागतील. तीन कढया ठेवल्या तर चाळीस मिनिटं. लोकांना न फुगलेली पुरी दिसते आणि ते तेलाला दोष देतात. बहुतेक वेळा दोष लाटण्याचा असतो: आधी लाटून ठेवलेल्या पुऱ्या वाऱ्याने वरून सुकतात, मग तळताना त्यांना चिरा जातात आणि वाफ निसटते. ओल्या पंचाखाली झाकाव्यात आणि वीसपेक्षा जास्त पुढे लाटू नयेत. संध्याकाळचा वारा पश्चिमेचा, म्हणून कढया आवाराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. नाहीतर तळणाचा धूर सगळ्या पाहुण्यांवर.

कडुनिंब आम्ही वगळलेला नाही, तुमच्या नजरेतून सुटला असेल. कोवळी पानं, गूळ, ओवा, चिंच, मीठ, चिमूटभर हिंग. माणशी तीन ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोभर चटणी. पानं कच्ची जातात, म्हणून पन्नास पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवायची. दोन तासांपेक्षा आधी वाटली तर काळी पडते. जेवणाआधी द्यायची, सक्तीने नाही, आणि पाठोपाठ पन्हं.

गजऱ्यांवरचा टोमणा मात्र मान्य. "गळ्यात-केसात घालता आणि जहाजाच्या दारात काढून घेता, हा कुठला पाहुणचार?" पुढच्या बंदरांतल्या नियमांमुळे बहुतेक जहाजांवर ताजी फुलं, पानं, किनाऱ्यावरचं अन्न वर नेऊ देत नाहीत. ते टाळता येत नाही, पण रात्री अकराला सुरक्षारक्षकाने बाईंच्या केसातला गजरा मागावा हे नक्कीच टाळता येतं. दुरुस्ती अशी: परतीच्या बसच्या पायरीशी पितळेचं घंगाळ, पाण्याने अर्धं भरलेलं. गजरे त्यात सोडायला सांगायचं, आणि का ते एका वाक्यात सांगायचं.

आणि फेटे. चारशे जणांना बांधा, असं तुम्ही सुचवलंत. हाताने बांधायला माणशी दोन मिनिटं, सहा बांधणारे लावले तरी सव्वादोन तास. त्याऐवजी साठ-सत्तर तयार फेटे, एकवीस, बावीस आणि तेवीस इंचांचे, आणि ज्याला हौस आहे त्याच्यापुरते दोन बांधणारे पन्ह्याच्या टेबलाशेजारी. डोक्याभोवती कापड फिरताना बघायला माणसं आपसूक गोळा होतात, आणि शेवटच्या बसची वाट बघणाऱ्यांचा वेळ तिथेच निघून जातो.