तयारी झाली म्हणून सत्ता सोडली?

सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: युरोपीय राज्यकर्त्यांनी वसाहतींत रेल्वे, शाळा, कायदेमंडळे उभारली, लोक कारभाराला तयार झाले तशी सत्ता शांतपणे त्यांच्या हाती दिली, आणि स्थानिक पुढाऱ्यांनी जिथे घाई केली तिथे काँगोसारखे वाटोळे झाले. लिहिलाय ठसक्यात, त्यामुळे चटकन पटतो. तारखा मात्र त्यात एकही नाही.

काँगोपासूनच सुरुवात करू, कारण हुकमाचा एक्का म्हणून तोच टाकला जातो. काँगो ही बेल्जियमची वसाहत. 1955 च्या अखेरीस एका बेल्जियन प्राध्यापकाने तीस वर्षांत स्वातंत्र्य द्यावे अशी योजना मांडली, तेव्हा ब्रसेल्समध्ये तीच भलती घाई वाटली होती. जानेवारी 1959 मध्ये राजधानी लिओपोल्डव्हिलला (आजचे किन्शासा) दंगल उसळली आणि दीड वर्षात, 30 जून 1960 ला, काँगो स्वतंत्र झाला. त्या दिवशी एवढ्या अवाढव्य देशात विद्यापीठाची पदवी घेतलेले काँगोली वीससुद्धा नव्हते. स्थानिकांना विद्यापीठाचे दार उघडले तेच मुळी 1954 मध्ये. सैन्यात तर एकही काँगोली अधिकारी नव्हता.

5 जुलैला काँगोच्या सैन्याचा बेल्जियन सेनापती यान्सेन्सने सैनिकांना जमवले आणि फळ्यावर खडूने लिहिले: ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. म्हणजे झेंडा बदलला तरी तुमचा हुद्दा तोच आणि तुमचे गोरे साहेबही तेच. त्याच दिवशी बंडाला तोंड फुटले. 11 जुलैला तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत बेल्जियन सैन्य आणि खाणकंपनीच्या पाठबळावर फुटून निघाला. काँगोचे पहिले पंतप्रधान लुमुंबा यांचा खून 17 जानेवारी 1961 ला झाला, तोही कटांगातच. ही सगळी लुमुंबांच्या उतावळेपणाची फळे म्हणायची, तर फळ्यावरचे ते समीकरण कुठे ठेवायचे?

आता टप्प्याटप्प्याने दिलेल्या सत्तेचे बघू. इथे गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत, म्हणजे आजचा घाना, नमुन्यादाखल दाखवतात. 1946 ला तिथे नवी राज्यघटना आली, कायदेमंडळात आफ्रिकी सदस्यांचे बहुमत झाले आणि आता काही काळ निवांत, असे सरकारने धरले. 28 फेब्रुवारी 1948 ला राजधानी अक्रात माजी सैनिक गव्हर्नरकडे अर्ज घेऊन निघाले. ब्रह्मदेशात ब्रिटिशांसाठी लढून आलेली माणसे ती, मागणी पेन्शनची आणि कामाची. वाटेत चौकात पोलीस आडवे आले. शिपायांनी नीट गोळ्या झाडल्या नाहीत, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने एकाची रायफल हिसकावून स्वतःच झाडल्या. तिघे मेले. परदेशी मालावरचा महिनाभराचा बहिष्कारही त्याच दिवशी मागे घेतला होता, भाव उतरतील या बोलीवर. लोक दुकानांत गेले तर भाव म्हणावे तसे उतरलेच नव्हते. मग शहर पेटले.

नंतर चौकशीला आलेल्या वॉटसन आयोगाने, जो लंडननेच नेमला होता, 1946 ची ती राज्यघटना जन्मतःच कालबाह्य ठरवली. फेब्रुवारी 1951 मध्ये स्वातंत्र्य चळवळीचे पुढारी क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असताना निवडून आले आणि सुटले ते थेट सरकार बनवायलाच. 6 मार्च 1957 ला देश स्वतंत्र झाला. प्रत्येक टप्प्याआधी कुणीतरी रस्त्यावर आले होते किंवा आत गेले होते.

इथे एक गोष्ट कबूल करायलाच हवी. कोको विकत घेणारे सरकारी मंडळ शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा कमी दर देऊन उरलेला पैसा लंडनमध्ये ठेवत असे. पण 1954 मध्ये शेतकऱ्याचा दर गोठवला तो एन्क्रुमांच्याच सरकारने. त्यावरून कुमासी शहराच्या बाजूला मोठा विरोध उभा राहिला. साहेबाची तिजोरी हाती आली की तिचा मोह नव्या धन्यालाही सुटत नाही.

रेल्वेचे काय? नकाशा उघडला तरी पुरे. गोल्ड कोस्टची पहिली लाइन सेकोंडी बंदरातून सोन्याच्या खाणींकडे गेली आणि 1903 मध्ये कुमासीला पोचली. माल बंदरावर यावा यासाठी ती होती. गावाला गाव जोडणे हा तिचा हेतू नव्हता. रेल्वेने एक मात्र नक्की घडवले, संघटित कामगार. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत डाकार-नायजर रेल्वेमार्गावरचे आफ्रिकी कामगार ऑक्टोबर 1947 पासून पाच महिन्यांहून जास्त संपावर राहिले. मागणी एवढीच की गोऱ्या कामगारांना लागू असलेले नियम आम्हालाही लावा. कारभाराची तालीम म्हणायची तर ती तिथे झाली.

‘शांतपणे’ या शब्दावर फार वेळ घालवत नाही. केनियात उठाव मोडायला ब्रिटिशांनी 1952 मध्ये लावलेल्या आणीबाणीत हजाराहून अधिक माणसे फासावर गेली. तिथल्या छळाबद्दल ब्रिटिश सरकारने 2013 मध्ये 5,228 जणांसाठी 1 कोटी 99 लाख पौंडांची तडजोड केली. इंडोनेशियाने 1945 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, ते डचांनी चार वर्षे लढून झाल्यावर डिसेंबर 1949 मध्ये मान्य केले. त्या करारात वसाहत सरकारचे चार अब्ज गिल्डरहून (डच चलन) जास्त कर्ज नव्या देशाच्या माथी आले. त्यात त्याच्याचविरुद्ध लढलेल्या लढाईचा खर्चही धरलेला होता.