व्हिस्कीतला व

आमच्या घराण्यात एका व ची दोन इंग्रजी अक्षरं झाली. वडिलांनी आडनाव डब्ल्यूने लिहिलं, काकांनी व्हीने. दोघांत शेताच्या बांधाखेरीज एवढाच वाद होता आणि दोन्ही मिटले नाहीत. मराठीत कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते माझं, विमानाच्या तिकिटावर. पासपोर्टवर डब्ल्यू, तिकिटावर व्ही. म्हणजे निकाल काकांच्या बाजूने लागला होता.

दुरुस्तीसाठी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे इंग्लंडातली बाई, मध्ये खरखर. तिने अक्षरासाठी शब्द मागितला. वैमानिक १९५६ पासून ठरलेली अक्षरमाळा वापरतात, त्यात व्हीला व्हिक्टर आणि डब्ल्यूला व्हिस्की. मला ती पाठ होती. ऐटीत म्हणालो, "व्हिस्की!"

"व्हिक्टर?"

"नो नो, व्हिस्की!"

"यस सर, व्हिक्टर. तिकिटावर व्हीच आहे."

इंग्रजी शिकवणाऱ्या भाचीने त्याच संध्याकाळी निदान केलं. "मामा, तुझा व ना धड व्ही, ना धड डब्ल्यू. दात ओठाला टेकतायत न टेकतायत." खरंच होतं ते. वरण, वांगी, विहीर, सगळीकडे आपले दात ओठाच्या दारात येऊन परत जातात. इंग्रजाला व्हीसाठी ते नीट टेकलेले लागतात आणि डब्ल्यूसाठी दात नकोतच, फक्त ओठांचा चंबू.

मी खापर फोडतो ते व्ह वर. व्हॅन, व्हिडिओ, व्हायोलिन लिहायला आपण व ला ह जोडला, उत्तम सोय केली. पण मग डब्ल्यूच्या मागे एच दिसला म्हणून व्हाइट, व्हील आणि व्हिस्कीही त्याच डब्यात चढवले. इंग्रजाच्या तोंडी व्हॅन एका जातीची, व्हील दुसऱ्या. आपल्याकडे ती सख्खी भावंडं. आणि कुणी फार हसू नये. दोनशे वर्षांपूर्वी खुद्द लंडनचे सामान्य लोक व्हेरीला वेरी म्हणत. फोक्सवॅगन हे नाव जर्मन माणसाच्या तोंडून ऐका, व्हीचा फ आणि डब्ल्यूचा व्ही! त्यांची तिकिटं कशी निघतात कोण जाणे.

तर सराव. व्हीसाठी आधी फ म्हणायचा, पण फणसातला नाही, फॅनमधला. मग दात न हलवता त्यातच गळ्यातला आवाज सोडायचा. खालचा ओठ गुदगुदला की व्ही आला. माझ्या ओठाला पहिले दोन दिवस गुदगुल्यांऐवजी जखमा झाल्या. डब्ल्यू त्या मानाने घरगुती निघाला. बशीतल्या चहावर फुंकर घालताना ओठ होतात तसे करायचे, ऊ म्हणायचं आणि घसरायचं. ऊ-इस्की. ऊ-इस्की.

हे मी पहाटे बाल्कनीत करत असे. चौथ्या दिवशी आई देवघरातून उठून आली. "अरे, सात पिढ्यांत कुणी थेंबाला शिवलं नाही. आणि तू उठल्याउठल्या तिच्या नावाने टाहो फोडतोस?"

"आई, मी ती पीत नाही. नुसती म्हणतोय."

"पिणारेसुद्धा इतकी म्हणत नाहीत."

समोरच्या इमारतीतले काका मात्र तेव्हापासून मला जिन्यात थांबून नमस्कार करू लागले. त्यांचा काय समज झाला ते मी विचारलं नाही.

आठवड्यात चंबू इतका मुरला की तो मराठीतही शिरला. जेवताना बायकोला म्हणालो, "जरा ऊअरण ऊआढ." तिने वरण वाढलं आणि ताप बघायला कपाळावर हातही ठेवला.

शेवटी पुन्हा फोन. तीच खरखर, बाई वेगळी. आई शेजारी वाती वळत बसलेली. मी छाती भरून घेतली, बशीतला चहा आठवला, एकही दात कुठे टेकू दिला नाही.

"ऊऊऊ-इस्की!"

पलीकडे क्षणभर शांतता.

"ओह! यू? यू फॉर युनिफॉर्म?"

मी फोन कानाला धरून तसाच बसलो. आईने वात तुपात बुडवली. "तिकीट भाऊजींच्या स्पेलिंगचं आहे ना?" ती म्हणाली. "मग त्यांनाच पाठव."