खुलासा : जेस्टोर सगळं फुकट झालेलं नाही

मंडळी, जेस्टोर म्हणजे संशोधन-नियतकालिकांतले लेख ठेवणारं ऑनलाइन ग्रंथालय. ‘जेस्टोरवरचे सगळे शोधनिबंध आता फुकट, कितीही उतरवून घ्या’ हा मेसेज मुळात माझाच. मालवणच्या एसटीत बसून घाईघाईत टाकला, आणि आता तो देवगडपासून दापोलीपर्यंतच्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

काल स्वतःचं खातं उघडून नियम नीट वाचले. मोफत वैयक्तिक खात्यावर ३० दिवसांत १०० लेख वाचता येतात, तेही फक्त पडद्यावर. बहुतेक लेखांची पीडीएफ मिळत नाही. त्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयाची वर्गणी लागते किंवा पैसे. जुने लेख मात्र खरंच खुले आहेत. अमेरिकेत १९२३पूर्वी आणि इतरत्र १८७०पूर्वी छापलेले लेख त्यांनी २०११ साली सर्वांना मोकळे केले. माझा गोंधळ झाला तो इथेच.

आपल्या भागावर काम करणाऱ्यांना खरं घबाड वेगळीकडे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा) रत्नागिरी-सावंतवाडी खंड (१८८०) इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर अख्खा उतरवून घेता येतो, खात्याशिवाय. इंग्रजी जुनं आहे, पण बंदरांची माहिती वाचण्यासारखी.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.