तय्याये म्हणजे नक्की कोण?

कॉलेजच्या ग्रुपवर परत पेटलंय, सातव्या शतकातल्या अरबांच्या स्वाऱ्यांबद्दल त्या काळच्या ख्रिश्चनांनीच काय लिहून ठेवलंय ते बघा म्हणून. एकाने टाकलं, गाझाजवळ ४००० गरीब खेडूत मारले. दुसऱ्याने लगेच टाकलं, चर्चचा मुख्य धर्मगुरू म्हणतोय अरब आमच्या धर्माची स्तुती करतात, मठांना मदत करतात. झालं, मग पुढचे दोन दिवस तेच.

गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं थॉमस नावाच्या सिरियाक (मध्यपूर्वेतल्या ख्रिश्चनांची जुनी भाषा) लिहिणाऱ्या पाद्रीचं, ६४० च्या सुमाराचं, लढाई ६३४ ची. मेलेल्यांत त्याने ख्रिश्चन, ज्यू, सामरी (ज्यूंच्या जवळचा एक जुना पंथ) तिन्ही धरलेत, ते फॉरवर्डमध्ये गळलं. दुसरं 'पूर्वेचं चर्च' म्हणतात त्याचा प्रमुख इशोयाब तिसरा याच्या पत्रातलं, हा ६५९ मध्ये वारला. पण त्याच पत्रात तो आपल्याच लोकांवर उखडलाय की जबरदस्ती कोणी केली नव्हती, नुसती अर्धी मालमत्ता वाचवायला तुम्ही धर्म सोडलात! म्हणजे त्याला स्वतःच्या माणसांची खरडपट्टी काढायची होती, अरबांना सर्टिफिकेट द्यायचं नव्हतं.

मी स्वीडनमध्ये सोडरटेल्येला राहतो, इथे सिरियाक ख्रिश्चन लोक खूप. ऑफिसातला एक जण मूळचा तुर्कस्तानातल्या तूर अब्दीनचा, कॉफीच्या वेळी त्याला हे सांगितलं तर म्हणाला, जुन्या पोथ्यांत अरबांना 'तय्याये' म्हणतात, तय्य नावाच्या टोळीवरून, आणि आमच्या घरच्या बोलीत आज तोच शब्द मुसलमान या अर्थाने वापरतात. आता थॉमसच्या ६४० च्या ओळीत आजचा अर्थ घुसवला की भांडायला आयता मालमसाला तयार.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांपासून ऐकतोय की बखरीपेक्षा अस्सल चिटोरं भारी. मग बाराव्या शतकातल्या मायकेल द सिरियन या धर्मगुरूचं, अरबांनी आमची रोमनांपासून (म्हणजे बायझंटाईन राज्यापासून) सुटका केली, हे वाक्य डोळ्यांनी बघितल्यासारखं कसं काय फिरवता? मधे ५०० वर्षं गेली की राव! ती बखरच. आणि अस्सल चिटोऱ्याची पण कथा ऐका, मार्कच्या शुभवर्तमानाच्या कोऱ्या पानावर कोणीतरी ६३६ च्या अरब-रोमन लढाईबद्दल काही ओळी खरडल्यात, शाई इतकी पुसट की अर्धे शब्द तज्ज्ञ अंदाजाने भरतात.

मला स्वतःला इजिप्तमधली ६४३ ची पावती आवडते. ग्रीक आणि अरबी दोन्हीत लिहिलेली, अरब फौजेने ६५ मेंढ्या घेतल्या त्याची पोच. ती ग्रुपवर टाकली तर कोणीच भांडलं नाही, एकाने फक्त विचारलं, ६५ मेंढ्या किती दिवस पुरल्या असतील रे?