नियम फेकून सगळ्यावर पोल घ्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या खूप फिरतोय, बहुतेकांकडे आला असेल. त्यात म्हटलंय की ऑनलाइन समुदायांमधले नियम म्हणजे जुन्या लोकांनी नव्यांना गप्प बसवायला केलेली सोय, मतदान हा देखावा कारण शेवटी ॲडमिन म्हणेल तेच होतं, सगळ्यांच्या मताला सारखं वजन नाही हा अन्याय, आणि खरी लोकशाही हवी असेल तर नियम फेकून द्या, प्रत्येक गोष्टीवर पोल घ्या, ज्या बाजूला जास्त मतं तो निर्णय. वाचताना पटकन पटतं. मी स्वतः काही वर्षं एका गटात मॉडरेटर होतो त्यामुळे हा राग कुठून येतो तेही मला माहितीय, पण राग खरा असला तरी त्यातून काढलेला उपाय चुकीचा आहे आणि तो नेमका त्याच लोकांना महागात पडणार आहे ज्यांची बाजू घेतोय असं मेसेज सांगतो.

पहिला मुद्दा, नियम वरून लादलेले असतात. काही ठिकाणी असतात, हो. पण बरेचसे नियम त्याच त्याच भांडणांना कंटाळलेल्या साध्या सदस्यांनीच केलेत. इंग्रजी विकिपीडियावर एक नियम आहे, एकाच पानावर २४ तासांत एका माणसाने तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्यांचे बदल उलटवायचे नाहीत. आता हा नियम कोण बरोबर कोण चूक यात पडतच नाही. ज्याच्याकडे रिकामा वेळ जास्त आहे तो नुसत्या चिकाटीवर जिंकू नये एवढंच तो बघतो. तो काढला तर नोकरी, घर सांभाळून दिवसातून अर्धा तास देणारा माणूस पहिल्याच आठवड्यात हरेल.

आणि नियमच नसले तर काय होतं हे बघायला कल्पना करायची गरज नाही, घडून गेलंय. लॅम्डामू नावाचं एक आभासी जग होतं, सगळं मजकुरावर चालणारं, त्याच्या चालकांना तिथे विझर्ड म्हणायचे. डिसेंबर १९९२ मध्ये विझर्डांनी जाहीर केलं की आम्ही यापुढे फक्त तांत्रिक काम बघणार, आपसातले तंटे तुमचे तुम्ही सोडवा. पुढच्या काही महिन्यांतच एका सदस्याने इतरांच्या पात्रांवर सगळ्यांदेखत लैंगिक अत्याचाराची वर्णनं लादली. लोक हादरले, सभा भरली, खूप बोलणं झालं, पण निर्णय घ्यायचा कसा हेच कुठे ठरलेलं नव्हतं त्यामुळे सभा काही न ठरता संपली, आणि शेवटी एका विझर्डने एकट्याने त्या माणसाचं अकाउंट उडवलं. नियम नव्हते तर सत्ता लोकांकडे गेली का? नाही गेली, ज्याच्या हातात बटण होतं त्याच्याकडे गेली, आणि तेही कुठलंही उत्तर द्यायला न लागता. त्यानंतरच तिथे अर्ज करायची आणि मतदानाची रीतसर पद्धत आली. ती पद्धतही निर्दोष नव्हती, १९९६ मध्ये विझर्डांनी पुन्हा सामाजिक निर्णय हातात घेतले, ते मी लपवत नाही. पण मेसेजमध्ये जे मागितलंय ते तिथे आधीच करून झालं होतं आणि ते सगळ्यात आधी कोलमडलं.

दुसरा मुद्दा, प्रत्येक गोष्टीवर पोल. इथे माझा प्रश्न साधा आहे, पोलमधले पर्याय कोण लिहिणार? ॲडमिनने "हो" आणि "नाही" असे दोन पर्याय दिले आणि तुमच्या मनातला तिसरा त्यात नसेल तर तुमचं मत त्याने आधीच वाटून टाकलेलं असतं. डेबियन ही स्वयंसेवकांनी मिळून बनवलेली मोफत संगणक प्रणाली, तिच्या लोकांनी यावर फार विचार केलाय. त्यांची घटना १९९८ ची आहे, त्यात पुरेशी साथ मिळाली तर कुठलाही डेव्हलपर मतपत्रिकेवर नवा पर्याय घालू शकतो, मत देणारा पर्यायांना पसंतीक्रम देतो, आणि यातलं काहीच मान्य नाही असंही म्हणता येतं. २०१४ मध्ये सिस्टमडीवरून, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीचे प्रोग्राम चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरवरून, त्यांच्यात प्रचंड वाद पेटला होता, मतदान झालं आणि जिंकला तो पर्याय कुठला, तर यावर ठराव करायची गरजच नाही. लोकांनी मत देऊन सांगितलं की हा विषय मतदानाचा नाही! दोन बटणांच्या पोलमध्ये हे उत्तर कधी बाहेरच आलं नसतं.

शिवाय आकडा दिसला की माणूस त्याच्यामागे जातो. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकात एक प्रयोग छापून आला, त्यात बातम्यांच्या एका साइटवर काही प्रतिक्रियांना यादृच्छिकपणे सुरुवातीलाच एक अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, दिला गेला, तर त्यांचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्के वर गेला. एका मताने! म्हणून विकिपीडियावर एखादं पान ठेवायचं की काढायचं या चर्चेत डोकी मोजत नाहीत, कारणं तोलतात. हे काम जास्त कटकटीचं आहे, मान्य.

तिसरा, सगळ्यांचं मत सारखं नाही म्हणजे अन्याय. ऑनलाइन जगात एक अकाउंट म्हणजे एक माणूस नसतो, अख्ख्या प्रकरणाची अडचण तीच आहे. दहा खोटी अकाउंटं काढायला दहा मिनिटं लागतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तराला डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत, द्यायला तिथे कमावलेले १२५ गुण लागतात आणि दिला की स्वतःचा एक गुण जातो, म्हणजे विरोध करायचा तर थोडी झळ सोसा. नव्या माणसाला हे दार जड वाटतं आणि तिथे नव्यांना मिळणारी वागणूक कित्येकदा रूक्ष असते ही तक्रार मला खरी वाटते. मग दार हलकं करा म्हणून भांडा, मी सोबत आहे, पण दार काढून टाकलं तर नव्यांच्या आधी खोटी अकाउंटं आत येतील.

आता शेवटचा आणि सगळ्यात वजनदार मुद्दा, शेवटी मालकच ठरवतो. यात तथ्य आहे. डिसेंबर २०१२ मध्ये फेसबुकने मतदान घेतलं, विषय होता मतदानाचा हक्कच काढून घ्यायचा का. सुमारे ६ लाख ६८ हजार मतं पडली, ८८ टक्के विरोधात. पण निकाल बंधनकारक व्हायला ३० टक्के सक्रिय सदस्यांनी मत द्यायला हवं होतं, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने ३० कोटींच्या आसपास, आणि तो हक्क गेला. मेसेजवाले यावरून म्हणतील बघा, मतदान फुकट. मी म्हणतो नीट बघा हरवलं कशाने, मतांनी नाही, ३० टक्क्यांच्या अटीने, जी सदस्यांनी लिहिलेली नव्हती. नियम कोणाच्या हातात आहेत याकडे दुर्लक्ष केलं की हे असं होतं, आणि मेसेज तर नेमकं तेच दुर्लक्ष करायला सांगतोय.

याच्या उलट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं बघा. जुलै २०१८ मध्ये तिचे निर्माते गिडो व्हॅन रॉसम यांनी एका कडवट वादानंतर अखेरचा शब्द आपला असण्याचा अधिकार सोडला आणि वारसही नेमला नाही. लोकांनी आधी कारभार चालवायचा कसा याचेच वेगवेगळे आराखडे मांडले, त्यावर चर्चा केली, डिसेंबरमध्ये मतदान करून पाच जणांचं निवडून येणारं मंडळ ठरवलं, आणि त्यात एक अट घातली की एकाच कंपनीत काम करणारे दोनपेक्षा जास्त लोक या मंडळावर नकोत. पहिलं मंडळ निवडून येण्याआधीच ही अट लिहून ठेवलेली होती, कुठल्याही पोलच्या निकालाने ती आपोआप आली नसती.